तीसच्या पुढे

चौथीच्या सव्वीस मुलांनी लिहिलेल्या सव्वीस रहस्यकथा मी घरी नेल्या. एकोणीस गोष्टींत पहिल्याच ओळीत भूत आलं होतं, तिसऱ्या ओळीत सगळे घाबरले होते आणि शेवटी 'तात्पर्य : नेहमी खरे बोलावे' असं होतं. मला एकदाही भीती वाटली नाही.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. २००३च्या नोव्हेंबरात यंत्रमागांच्या कबनूरमधल्या एका शाळेतल्या बाई रजेवर गेल्या, म्हणून चौथीचा वर्ग मार्चपर्यंत माझ्याकडे आला. गोष्ट कशी लिहायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून प्रयोगाची आखणी करतात तशी मी गोष्टीची करायला घेतली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले : 'वाचकाला काय माहीत आहे' आणि 'गोष्टीतल्या माणसाला काय माहीत आहे'.

"दोन्हीकडं सारखंच असेल तर उत्कंठा नाही," मी म्हटलं. "आणि भूत नको. तुम्ही खरंच कशाला भिता ते सांगा."

"कुत्र्याला!" "हेडसरांना!" संघर्ष ओरडला, "श्रुतीला! लई मारती ती!"

वर्ग हसला. श्रुती मात्र हसली नाही. "एकच माग बंद पडला की भ्या वाटतंय," ती म्हणाली.

मला कळलं नाही. पण वर्ग एकदम गप्प झाला, म्हणजे बाकीच्या पंचवीस जणांना कळलं होतं.

"सगळं माग बंद पडलं तर लाईट गेली," साक्षीनं मला समजावलं. "त्याला कोण भितंय? पर एकच थांबला, तर तीसपर्यंत मोजायचं. धागा तुटला आसंल तर तीसच्या आत परत चालू होतंय."

"आणि तीसच्या पुढं गेलं तर?"

"मग आई भाईर पळती."

मी शिकवायला आले होते ती गोष्ट या मुलांना आधीच येत होती. फक्त ती कागदावर उतरवायची होती. पुढचे आठ दिवस आम्ही फक्त आराखडे केले. काय आधी सांगायचं, काय लपवायचं, लपवलेलं कुठे उघडायचं. लिहायचं नाही, नुसतं ठरवायचं. मग लिहायचं.

श्रुतीची गोष्ट आली. एक मुलगी अंगणात भांडी घासते आहे. भिंतीपलीकडे आठ माग चालू आहेत, त्यातला भिंतीकडचा तिच्या बाबाचा. तो थांबतो. मुलगी मोजायला लागते. आकड्यांच्या मधे मधे ती स्वतःला समजावते, धागा असेल, बाबा पाणी प्यायला गेला असेल. मोजणी एकतीसवर जाते. बाबाचा हात मागाच्या फिरत्या पट्ट्यात गेलेला असतो, कारण पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढून ठेवलेली असते.

श्रुतीच्या वडिलांची, जोतीरामची, उजव्या हाताची दोन बोटं दिवाळीनंतर गेली होती. तो दारू पिऊन मागावर उभा होता, असं कारखान्याचे मालक हंबीरराव सगळ्यांना सांगत होते. तेव्हापासून गावात त्याला कुणी कामावर घेत नव्हतं.

"जाळी नव्हती हे तू पाहिलंस की कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"दाराजवळ पडल्याली. आठ दिस तिथंच हुती. मी डबा द्यायला गेलते तवा तिच्यातच पाय अडकून पडलते." तिनं गुडघ्यावरचा व्रण दाखवला. "आनि बाबाला सकाळी च्या मीच दिलता. वास येत न्हवता."

फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनात तीन मुलांनी आपली गोष्ट वाचायची होती. वर्गानं श्रुतीची निवडली. हेडसरांनी वही वाचली आणि मला बोलावलं. हंबीरराव संस्थेचे अध्यक्ष होते.

"बाई, हे अध्यक्षांसमोर वाचणार? शेवट बदला. तीस म्हटलं, माग चालू झाला, सगळे आनंदी. खाली तात्पर्य घाला."

"सर, सगळा आराखडा त्याच शेवटासाठी बांधलाय. तो काढला तर उरलेलं पडतं."

"तुमची ऑर्डर मार्चपर्यंत आहे. पुढं हवी असेल तर विचार करा."

विचार करायला फार वेळ लागला नाही. मी श्रुतीला जसं घडलं तसं सांगितलं. "सर शेवट बदल म्हणतात. मी म्हणत नाही. गोष्ट तुझी आहे."

"सगळी म्हणत्यात बाबा प्यालता," ती म्हणाली. "आता मी बी गप बसू व्हय?"

संमेलनाला शाळेचं मैदान भरलं होतं. पुढच्या खुर्चीवर हंबीरराव, शेजारी हेडसर. खाली सतरंजीवर मागावरची माणसं, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. श्रुती वाचायला लागली. "दहा" म्हणाली तेव्हा कुजबुज थांबली. वीसला एका बाईनं मांडीवरच्या लेकराला छातीशी धरलं.

"एकोणतीस," श्रुती म्हणाली. "तीस."

शेवट बदललाच असणार असं धरून हेडसर टाळी वाजवायला हात उचलून बसले होते. श्रुतीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"एकतीस."

सरांनी खूण केली आणि माइक बंद झाला. पण मागाशेजारी वाढलेल्या पोरीला माइक लागत नाही. तिचा आवाज गेटपर्यंत गेला. "पट्ट्यावरची जाळी दाराजवळ पडली होती. बाबा प्यायला नव्हता. सकाळचा चहा मीच दिला होता."

"मास्तर, काय शिकवताय पोरांस्नी?" हंबीरराव उठले. "पोरीच्या मनातलं कायबी हाय ते!"

"मी शिकवलंय," मी म्हटलं. "मला विचारा."

मला कुणी विचारलं नाही, कारण सतरंजीवरून बायडाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या हंबीररावांच्याच कारखान्यात कांड्या भरायच्या.

"पोरीचं ऱ्हाऊ द्या. मी हुते की तिथं. जाळी कुठं हुती, सांगा की, मालक."

"बस खाली, म्हातारे."

"तीन म्हैनं बसलेच हुते."

मग मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी "सांगा की!" म्हणालं आणि पुढचं अर्धं मिनिट सगळं मैदान तेच म्हणत होतं. हंबीरराव नारळ-शाल न घेताच निघून गेले. हेडसर त्यांच्यामागे धावले.

जोतीराम गेटपाशी उभा होता. मी श्रुतीला घेऊन तिथे पोचले, तेव्हा पलीकडच्या गल्लीत बारा माग असलेला ज्ञानू त्याच्यासमोर उभा होता.

"झालं गेलं ऱ्हाऊ दे, जोतीराम. सोमवारपास्नं माझ्याकडं ये. डाव्या हातानं जमंल तेवढं कर."

तीन महिन्यांनी आलेलं ते पहिलं काम होतं. श्रुतीनं बापाचा सदरा ओढला.

"येतो की," जोतीराम म्हणाला. "पर तुमच्यात जाळ्या हायत का?"

ज्ञानूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा श्रुतीकडे.

"सोमवारपतोर बसवतो," तो म्हणाला.

"बसवा," जोतीराम म्हणाला. "मग बोलवा."