एकेरी पट

ढाकेचा डाव पुन्हा फसला. अंजनानं स्वप्नालीची मान कवळून कंबर आत घातली, पण स्वप्नाली जागची हललीच नाही. उलट तिचं सत्तर किलोंचं अंग अंजनाच्या पाठीवर आलं आणि अंजनाचा गाल मॅटवर घासला. शिट्टी झाली. स्वप्नाली सहा-शून्यनं पुढं. मध्यंतराचे तीस सेकंद.

दौंडच्या त्या हॉलमध्ये कुस्तीच्या निवड चाचणीला मुली चारच आल्या, म्हणून संयोजकांनी वजनगट एकच करून टाकला होता. अंजना बावन्न किलोंची. प्रशिक्षण केंद्रात चौघींतली एकच जाणार होती.

रांजणगावच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलेल्या तिच्या वडिलांनी, आप्पांनी, पाण्याची बाटली पुढं केली.

"कंबर उशिरा घातलीस."

"येळंवर घातली, आप्पा. वजनच न्हाई माझ्यात. पट काढते आता."

"न्हाई."

"एकच पाय धरायचाय."

"आपल्या घरात कुणी पाय धरत न्हाई."

दहा वर्षं ती हे ऐकत होती. आजोबांना, आबांना, चावडीवर पाटलाचे पाय धरायला लावले होते, एवढंच तिला ठाऊक होतं. तालमीत पोरं पट घोटायची, तेव्हा आप्पा तिला बाजूला काढून ढाक मारायला लावायचे.

तिनं बाटली घेतली नाही.

"आबांना धरायला लावले व्हते. मला कोण लावतंय? मी माझ्या मनानं धरणार."

शिट्टी झाली. स्वप्नाली अंग टाकायला हसतच पुढं आली. अंजना तिच्या छातीखालून आत घुसली आणि गुडघ्यामागं हात घालून तिचा पाय वर उचलला. एका पायावर स्वप्नालीला आपलंच वजन पेलेना. दोनदा लंगडी घालून ती आडवी झाली. अंजनानं पाय सोडला नाही. तशीच वर चढली आणि दोन्ही खांदे टेकेपर्यंत दात आवळून दाबत राहिली.

चीत.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. आप्पांनी वाजवल्या नाहीत. बोलणी खायच्या तयारीनं ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

आप्पा टॉवेलची घडी घालत होते.

"आबांनीबी असाच धरला व्हता," ते म्हणाले. "जत्रंत. पाटलाचा पोरगा दुप्पट अंगाचा. ह्याच डावानं चीत केला. दुसऱ्या दिवशी आबांना चावडीवर न्हेलं. म्हणाले, पाय धरायची लई हौस हाय न्हवं, मग धर."

अंजनाचा श्वास अजून बसला नव्हता.

"म्हंजी पट आपल्याच घरातला."

आप्पांनी घडी मोडून पुन्हा घातली.

"आन् धा वर्सं माझ्याकडनं ढाक घोटून घेतली. त्या लोकांच्या भ्यानं."

"व्हय."

तिनं त्यांच्या हातातला टॉवेल ओढला आणि गाल खसाखसा पुसला. टॉवेलला रक्त लागलं. माइकवर अंतिम कुस्तीची नावं पुकारली. पलीकडच्या कोपऱ्यात रंभा नावाची हाडापेरानं थोराड, उंच मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती. आप्पांनी रंभाचे पाय निरखले.

"डावा पाय पुढं टाकती," ते म्हणाले.