झिजलेल्या कोपऱ्यांचा ठोकळा

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. अक्रोडाच्या लाकडाची, दीड वीत उंच. कॅन्ससमधल्या अ‍ॅल्डन फोर्क गावात बंधुमंडळाची मतं माझ्यात पडतात. माझ्या हातून एक पाप घडलंय. मला हात नाहीत, तरी घडलंय. म्हणून बोलतेय.

मला केलं घोडागाड्या बनवणाऱ्या एका सुतारानं, १९११ साली. माझे दोन कप्पे. पुढचा उघडा, त्यावर काळ्या कापडाची झडप. मागचा बंद, त्याला खण. पुढच्या कप्प्यात पांढऱ्या गोट्या आणि काळे चौकोनी ठोकळे. मंडळात कुणी नवा माणूस यायचा असला की एकेक जण पुढे येतो, समोरच्या झेंड्याकडे बघत झडपेखाली हात घालतो, एक काहीतरी उचलतो आणि मागच्या भोकात टाकतो. पांढरी म्हणजे हो. काळा म्हणजे नाही. आणि एक जरी काळा पडला तरी तो माणूस बाहेर.

सुतार म्हणाला होता, "बघायचंच नाहीये, तर बोटांना कळायला हवं. एक गोल, एक चौकोनी. आंधळाही चुकणार नाही."

कुणी काय टाकलं ते विचारायचं नाही. आणि आपलं मत कुणी सांगितलं तर त्याचं नाव वहीतून कट. कायमचं. आत नमद्याचं जाड मऊ कापड आहे माझ्या, आवाजसुद्धा होत नाही.

मंडळ मात्र चांगलं हं. कुणी आजारी पडला की उशाशी बसायचं, कुणाचं घर जळलं की आढं उभं करायचं, कुणी गेला की खांदा द्यायचा. हे सगळं माझ्यातून आत आलेल्या माणसांनी केलं. मला फार अभिमान होता त्याचा. दर वर्षी मला बाहेरून पॉलिश करायचे. चकचकीत! आत कुणी बघितलं नाही. आत पन्नास वर्षं ठोकळे एकमेकांवर घासत होते. त्यांचे कोपरे जात होते. मला कळत होतं. मी गप्प होते.

मग आले कर्नल ऑरिन हॅस्किन्स.

तीस वर्षं फौजेत. अकरा बदल्या. प्रत्येक गावात आधी मंडळाची शाखा शोधायची, मग घर. त्यांची बायको लॅव्हिनिया म्हणायची, "ह्यांना आधी मंडळ सापडतं, मग घर सापडतं, आणि वेळ उरला तर बायको." निवृत्त होऊन ते तिच्या माहेरी, आमच्या गावात आले. मंडळातल्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या गाडीतून चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात न्यायचे. मागच्या सीटवर ब्लँकेट घडी करून ठेवलेलं असायचं. मला पॉलिशही तेच करायचे, दर शनिवारी. एवढा भला माणूस मी बघितला नाही. हे आधी सांगून ठेवते.

पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कोरियाच्या लढाईत, त्या हिवाळ्यात, त्यांची बोटं गोठली होती. त्यांच्या वायरलेसवाल्या पोरानं, वर्जिल टूबीनं, त्यांचे हात स्वतःच्या उघड्या पोटावर रात्रभर दाबून ठेवले. बोटं वाचली. बोटांची जाण मात्र परत आली नाही. हे लॅव्हिनियाला माहीत होतं, कारण सदऱ्याची बटणं तीच लावायची. आणि मला माहीत होतं. ती बोटं माझ्यात फिरायची ना.

१९६९ च्या जानेवारीत तोच वर्जिल गावात आला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. कर्नलना कोण आनंद झाला! लगेच त्याचं नाव मंडळात सुचवलं. वर्जिलची आई पोटावाटोमी, म्हणजे त्या मुलखातल्या मूळच्या लोकांतली. गावात थोडी कुजबुज झाली. अर्ल न्हावी तर भर सभेत म्हणाला, "आणि मागोमाग त्याच्या आईकडचे सगळे रांगेनं येतील का? खुर्च्या पुरतील ना?"

काही जण हसले. कर्नल नाही हसले.

शनिवारी दुपारी मतदान झालं. एकतीस जण. अर्लची जाडजूड बोटं आली, दाढीच्या साबणाचा वास घेऊन. चटकन एक पांढरी उचलली, टाकली. हो मित्रांनो, पांढरी! तोंड घाण, पण पांढरी.

सगळ्यात शेवटी कर्नल. बोटं हळूहळू फिरली. एकेक चाचपत. आपल्या वर्जिलचं काम, चूक नको, म्हणून अगदी तळापर्यंत गेली. आणि ठोकळे जड, ते तळाशीच असतात. त्यांनी सगळ्यात झिजलेला ठोकळा उचलला. दोन बोटांत फिरवून बघितला. कोपरे होते कुठे कळायला? माझ्याच पोटात गेले होते ते.

टाकला.

मी ओरडले असते. पेटीला ओरडता येत नाही.

अध्यक्षांनी खण ओढला. "एक काळा," ते म्हणाले.

सगळ्यांचे डोळे अर्लकडे गेले. अर्ल लाल झाला. "माझ्याकडे काय बघताय रे?" त्याला पुढे बोलता येईना, कारण आपलं मत सांगायचं नाही हा नियम.

ज्यानं नाव सुचवलं त्यानंच निरोप द्यायचा. वर्जिल खाली जिन्याशी उभा होता, इस्त्रीचा कोट घालून. बायकोनं केलेला सफरचंदाचा केक हातात. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, तुमचा चेहराच सांगतोय," वर्जिल म्हणाला. "आईमुळे ना?"

"मला माहीत नाही, वर्जिल. एकतिसांत एकच काळा पडला. पण मी त्या हरामखोराला शोधून काढतो."

"नका. विचारायचं नाही असा नियम आहे ना तुमचा?" मग केक पुढे करून, "हा केक घेऊन जा. तीस जणांनी हो म्हटलंय, त्यांना द्या."

केक माझ्या शेजारी ठेवला होता. कुणी खाल्ला नाही.

अर्लच्या दुकानातली गर्दी आटली. लोक शेजारच्या गावी जाऊन केस कापायला लागले. वर्जिलनं दुकानावर पाटी लावली, विकणे आहे. मार्चअखेर तो जाणार होता. कर्नल मला पॉलिश करायचे तेव्हा एवढं जोरात घासायचे की मला वाटायचं, चामडी जाते की काय.

मग एका शनिवारी अर्ल आला. कर्नल एकटेच होते.

"कर्नल, बोलायचंय."

"मला नाही बोलायचं तुझ्याशी."

"मग ऐका फक्त. माझ्या दुकानात गरम टॉवेल मी चिमट्यानं काढतो. परवाच्या ख्रिसमसला तुम्ही तो हातात घेऊन धरून बसलात. माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत! हाताला फोड आले तरी तुम्हाला पत्ता नाही."

कर्नलनी पॉलिशचं फडकं खाली ठेवलं.

"आता डोळे मिटा. ह्या पेटीतून मला एक गोटी काढून द्या. गोल."

"काय पोरखेळ लावलाय, अर्ल?"

"पोरखेळच. करा की."

कर्नलनी डोळे मिटले. हात आला. मी सगळं बळ लावून एखादी गोटी पुढे ढकलायला बघितली. मला हलता कुठे येतं! त्यांनी एक काढली. "ही घे, गोल."

"अजून एक."

"गोल."

"तिसरी."

"गोल. झालं समाधान?"

"उघडा डोळे."

टेबलावर एक पांढरी होती. दोन काळे होते.

कर्नलनी स्वतःची बोटं समोर धरली, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. "वर्जिलनं वाचवली होती ही," एवढंच म्हणाले. आणि मग एकदम, "अर्ल, दोन वर्षांपूर्वी तो घड्याळजी आला होता. प्रूडोम. त्यालाही एकच काळा पडला होता."

अर्ल खाली बघत राहिला. "तो गाव सोडून गेला, कर्नल."

मला माहीत होतं, मित्रांनो. तोही काळा त्यांच्याच बोटांतला होता. आणि माझ्या कोपऱ्यांतला.

पुढच्या सभेत कर्नल उभे राहिले. अध्यक्षांना कळलं असावं, ते म्हणाले, "बंधू ऑरिन, बसा. बोललात तर वही उघडावी लागेल मला."

"उघडा," कर्नल म्हणाले. "तो काळा माझा होता. हात मेलेत माझे, अठरा वर्षं झाली. मी लाजेनं लपवलं. कर्नल माणूस, बटण लावता येत नाही, हे कुणाला सांगायचं? अर्लला तुम्ही उगाच वाळीत टाकलंत. त्याला आणि वर्जिलला ज्यानं छळलं, तो हरामखोर मी आहे."

अध्यक्षांनी वही उघडली. नाव कापलं. नियम कर्नलनाच सगळ्यांत जास्त पाठ होता. कोट उचलून ते जिना उतरले.

अर्लनं त्याच आठवड्यात नवे ठोकळे करून आणले, टोचतील एवढे धारदार. वर्जिलसाठी पुन्हा मतदान झालं. सगळ्या पांढऱ्या. वर्जिल आत आला, शपथ घेतली, आणि तसाच खाली धावला. कर्नल पायरीवर बसले होते.

"चला वर, साहेब."

"वर माझं नाव नाही, वर्जिल."

"मग मी पण इथंच बसतो."

"मार खाशील! एवढं करून तुला आत घातलं, ते पायरीवर बसायला? जा. केक आहे म्हणे आज."

वर्जिल गेला, आणि बशीत दोन तुकडे घेऊन परत आला. दोघांनी पायरीवर खाल्ले. वर्जिलनं दुकानावरची पाटी काढली.

कर्नल पुढे नऊ वर्षं जगले. मंडळातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, पायरीपर्यंत सोडायचे, आत कधी आले नाहीत. प्रूडोमला त्यांनी सहा शहरांत पत्रं टाकली. सगळी परत आली. ते गेले तेव्हा, नाव कापलेल्या माणसाला नियमाप्रमाणे मंडळाला खांदा देता येत नव्हता. वर्जिल आणि अर्ल पुढे होते. मागे एकोणतीस जण आपापल्या घरच्या कपड्यांत, मंडळाचे नाहीत असं दाखवत.

तो झिजलेला ठोकळा वर्जिलनं फेकू दिला नाही. मतदान नसलं की माझ्या खणात एकटाच पडलेला असतो. खण उघडला की दिसतो. वर्जिलचं भरून निघालं, प्रूडोमचं नाही; त्याच्या नावानं आहे तो.

मित्रांनो, मला बाहेरून पुसत जाऊ नका नुसतं. वर्षातून एकदा माझ्या आत हात घालून बघा, काय झिजलंय ते. आणि ज्याची बोटं मेलीत त्यानं तसं सांगून टाकावं. कुणी हसत नाही हो. आणि कुणाबद्दल काही ठरवायचं असलं ना, तर हातात काय आलंय ते टाकायच्या आधी एकदा उजेडात धरा.

मला तेवढं जमलं नाही.