जिन्याखालचे दोन मीटर

विजेचं बिल हातात पडलं आणि पार्लरवालीच्या डोक्यात किडा वळवळला. उन्हाळा सरला होता, पंखा क्वचितच लागायचा, गिऱ्हाइकंही रोडावली होती. तरी बिल मात्र टम्म फुगलेलं.

“आपल्या मीटरवर कुणीतरी हात मारतंय,” ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा बस चालवायचा. बूट काढता काढता म्हणाला, “कोण मारणार? पाल?”

“शेजारचा इस्त्रीवाला. दिवसभर इस्त्री तापलेली आणि माणूस बघा कसा थंड! बिलाबद्दल कधी अवाक्षर काढतो का?”

दुकानाचे गाळे दोन, मालक एक आणि दोन्ही मीटर जिन्याखाली एकमेकांना खेटून बसवलेले. वायरींचा तो गुंता पाहिला की तिचा संशय आणखी बळावायचा. त्यात एकदा इस्त्रीवाला त्याच जिन्याखालून अंग चोरून बाहेर पडताना तिला दिसला.

“चप्पल शोधत होतो,” तो म्हणाला. चपला त्याच्या पायातच होत्या.

मग मात्र तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची इस्त्री जोरात चालू आहे असं बघून तिने खुर्चीतल्या बाईला “आलेच हं” म्हटलं, मेन स्विच खाली ओढला आणि जिन्याखाली धावली. चोरी असली तर स्विच बंद असतानाही मीटर पळायला हवा होता. पण तिच्या मीटरवरचा लाल दिवा गप्प झाला होता. शेजारी इस्त्रीवाल्याचा दिवा तेवढा लुकलुकत होता. चोर नाही म्हटल्यावर हायसं वाटायला हवं, तर उलट ती हिरमुसली.

“काय ताई, चप्पल सापडली का?”

मागे इस्त्रीवाला हाताची घडी घालून उभा.

“लाजू नका,” तो म्हणाला. “मीही त्या दिवशी माझा स्विच बंद करूनच आलो होतो. तुमचा ड्रायर माझ्या मीटरवर चालतोय, अशी माझी खात्री होती.”

दोघं हसली, पण जरा अवघडूनच. मग बिलं पडताळून पाहिली. वीज दोघांनीही जास्त वापरली नव्हती. दरच चढला होता.

त्याच आठवड्यात मालकांनी भाडं वाढवल्याचा निरोप धाडला, तेव्हा संशयाला नवीन घर मिळालं. दोघं मिळून वर गेली. मालक अंधुक खोलीत एकच दिवा लावून बसले होते.

“पंपाचं बिल कोण भरतं? जिन्यातले दिवे? घरपट्टी?” ते म्हणाले. “आणि माझी लेक परगावी भाड्याने राहते. तिच्या मालकाने भाडं वाढवलं. तिला मीच हातभार लावतो.”

खाली उतरताना पार्लरवाली कुजबुजली, “मागे तर म्हणाले होते, जावयाने घर घेतलंय.”

“हप्ते झेपेनात म्हणून विकलं असेल.”

“असेल. नसेलही.”

पण भाडं तर द्यायलाच हवं होतं. एकट्याने दर वाढवले तर लोक नावं ठेवणार, म्हणून दोघांनी एक तारखेपासून बरोबरच वाढवायचं ठरवलं. तसे कागद दोन्ही दारांवर चिकटले.

पहिल्याच दिवशी शिकवणीच्या बाई आल्या. पार्लरवालीची मुलगी त्यांच्याकडेच गणिताला जायची. नवऱ्याचे शर्ट शेजारी टाकून बाई केस कापायला खुर्चीत बसल्या आणि आरशातून रोखून बघत म्हणाल्या, “तिकडेही वाढ, इकडेही वाढ. तुमचं दोघांचं संगनमत आहे ना?”

“छे हो! विजेचे दर बघा ना, त्यात भाडं...”

“मलाही वीज लागते. मीही भाड्यानेच राहते. पण दोघांना एकाच दिवशी कसं सुचलं?”

पार्लरवालीने मान खाली घालून कात्री चालवली. छे म्हणताना आपला आवाज चढला होता, हे तिलाच जाणवलं होतं.

“बरं, पुढच्या महिन्यापासून शिकवणीची फी वाढणार आहे,” बाई सहज म्हणाल्या. “तुमच्या मुलीबरोबर निरोप पाठवणारच होते.”

पार्लरवालीने आरशात बाईंचा चेहरा न्याहाळला. हे हिचं आधीच ठरलं होतं, की दारावरचा कागद वाचून आत्ता सुचलं? बाईंनी डोळे मिटून घेतले होते.