झडप पडलेली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे, आणि 'बिचारा' म्हणवून घ्यायची माझी तयारी नाही. तंत्रशाळेच्या जिन्याखाली मला ठेवलं आहे. येता-जाता कोणी म्हणतं, "हे काय भोकांचं कपाट?" म्हणा. त्या एकेका भोकामागे एकेक घर होतं.

माझं काम साधं होतं. घरी कोणी फोनचा दांडा फिरवला की तारेतून वीज यायची, माझ्यातलं लोहचुंबक जागं व्हायचं आणि त्या घराच्या नंबरावरची पितळी झडप टपकन खाली पडायची. ऑपरेटर बाई तिथे वायरच्या दोरीची पिन खोचून विचारायच्या, "नंबर?" दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात गेलं की दोन घरं बोलू लागायची. बोलणं आटोपलं की लोकांनी पुन्हा दांडा फिरवायचा. मग त्या दोरीसाठीची वेगळी झडप पडायची आणि बाई पिना काढायच्या.

पण माणसं ती माणसंच. अर्धेअधिक लोक शेवटचा दांडा फिरवायला विसरायचे. अशा वेळी बाई खटका दाबून कान द्यायच्या आणि शुकशुकाट असला की पिना उपटायच्या.

माझ्यासमोर बसणाऱ्या थोरल्या बाईंना बाकीच्या ऑपरेटर पोरी 'कानबाई' म्हणत. अर्थात पाठीमागे.

मग एके वर्षी वरच्या मजल्यावर आपोआप नंबर जोडणारी यंत्रं आली. जो तो वर जाऊन त्यांच्यावरून हात फिरवून येई. माझ्यावरची धूळ पुसायचंही कोणाला सुचेना. घरोघरी जुन्या फोनशेजारी नवे फोन बसले. ठरलं असं, की यंत्रं तोवर बंद राहावीत म्हणून त्यांत अडकवलेल्या लाकडी पाचरी वरच्या साहेबांनी दोरी ओढून एकदम काढायच्या, आणि त्याच क्षणी खाली वायरमनने माझ्या तारा छाटायच्या.

तो दिवस उजाडला. वायरमन पक्कड घेऊन माझ्या पाठीशी उभा राहिला.

"सगळ्या पिना काढा," तरुण इंजिनिअर म्हणाला.

सगळ्या निघाल्या. एक जोडी राहिली. एका टोकाला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला त्याची धाकटी बहीण. तिने मनाने लग्न केलं, म्हणून शिंप्याने तिचं नाव टाकलं होतं. ती अधूनमधून दांडा फिरवायची, दादाचा नंबर मागायची आणि तिकडे घंटी वाजायच्या आत म्हणायची, "नको बाई, राहू द्या." त्या दिवशी मात्र ती तसं म्हणाली नाही. शिंप्याने फोन उचलला.

"दादा, मी."

त्यानंतर कोणीच काही बोललं नाही.

इंजिनिअरने बाईंचा हेडफोन कानाला लावून बघितलं. "कोणी नाही. दांडा फिरवायला विसरलेत, नेहमीसारखे."

"विसरले नाहीत. गप्प आहेत," कानबाई म्हणाल्या.

"गप्प राहिले काय आणि गेले काय, फरक काय पडतो?"

"लग्न झालं की कळेल तुम्हाला."

माझ्या पाठीमागे वायरमन फिसकन हसला.

"अहो बाई, वर साहेब दोरी धरून उभे आहेत."

"मग खुर्ची द्या त्यांना."

"नव्या फोनवरून करतील की पुन्हा."

"ती नाही करायची. आता तुटलं तर तिला वाटेल, दादाने फोन ठेवला." त्यांनी दोन्ही पिनांवर तळवे ठेवले. "झडप पडलेली नाही. मी हात काढणार नाही."

मित्रांनो, मी लाकडाचा आणि तारांचा. मला काय करता येणार? पण झडप माझी होती. ती मी घट्ट धरून ठेवली. साहेब, यंत्रं, दोऱ्या, सगळं खड्ड्यात जावो.

"पुन्हा ऐका," कानबाई म्हणाल्या. "शब्द नका शोधू. श्वास ऐका."

इंजिनिअर नाइलाजाने वाकला आणि तसाच वाकून राहिला. तेवढ्यात शिंपी बोलला.

"आवाज का बसलाय तुझा?"

"लाईन खराब आहे, दादा."

माझी लाईन खराब! इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. माझी लाईन काचेसारखी स्वच्छ होती. रडून घसा बसला होता तो तिचा. पण तो आळ मी मुकाट्याने अंगावर घेतला.

"काढा घेतलास का?" शिंप्याने विचारलं.

इंजिनिअरने हेडफोन काढून कानबाईंच्या हातात दिला. जिन्याशी जाऊन तो वर ओरडला, "थांबा जरा. खाली बोलणं चालू आहे."

वरच्या साहेबांचा हात अवघडला म्हणतात. अवघडू दे. यथावकाश दोन्हीकडून दांडे फिरले, झडप पडली, कानबाईंनी पिना काढल्या. मग वायरमनने माझ्या तारा छाटल्या.

तर मित्रांनो, दोन माणसं गप्प बसली म्हणून त्यांचं संपलं, असं परस्पर ठरवून कोणाची तार तोडू नका. आधी नीट कान द्या. आणि माझं संपलं असं वाटत असेल, तर टॉर्चमधले सेल आणून माझ्या तारांना लावून बघा. झडप पडते की नाही, ते मग बोला. येताना फडकं आणि थोडं तेलही आणा. बिजागऱ्या जरा कुरकुरतात.