जानकीबाईची जागा

भिवंडीतल्या आमच्या बांगड्यांच्या दुकानापुढचा फुटपाथ कोणाच्याच बापाचा नाही, त्यामुळे वीतभर जागेसाठी तिथे रोज महाभारत होतं. जो सकाळी बसला नाही त्याची जागा शेजाऱ्याची, हा तिथला कायदा. आजारपण, लग्न, मयत, काही चालत नाही.

जानकीबाई दिघाशीकडच्या पाड्यावरून यायची आणि करंजाच्या दातवणाच्या काड्या विकायची. पॉवरलूमवरचे भय्ये शिफ्ट सुटली की तिच्यापुढे उकिडवे बसत. तिला हिंदी येत नव्हती, त्यांना मराठी; तरी सगळे तिला अम्मा म्हणत. ती गेली आणि त्याच आठवड्यात तिची सून सरू टोपली घेऊन आली. दुःख कितीही असलं तरी चूल पेटवावीच लागते.

सरूला भिवंडी म्हणजे परमुलूख. ट्रक आला की ती भिंतीला चिकटायची. सासूची ती जागा सोडली तर या शहरात तिचं काहीच नव्हतं. जागा गेली तर गिऱ्हाईकही जाणार, हे तिलाही कळत होतं. तरी तिने काय करावं? सासूचं गोणपाट अंथरलं, उडू नये म्हणून वर वीट ठेवली आणि स्वतः बाजूला गटाराच्या कडेला जाऊन बसली. मला तर रागच आला. आयती जागा सोडून गटाराशी कोण बसतं?

शेजारी खारबावची धोंडूबाई सुकी मासळी घेऊन बसायची. तोंडाची भारी फटकळ. जानकीबाईशी तिचं उभ्या जन्मात पटलं नाही. पाटी जरा इकडची तिकडे सरकली की दोघी भांडायच्या. धोंडूबाईने सरळ अर्थ काढला, की पोरीला जागा नकोय. दुसऱ्या दिवशी तिने गोणपाट गुंडाळून सरूच्या टोपलीत टाकलं आणि तिथे बोंबलांची पाटी मांडली. सरू टोपली उचलून निघायलाच लागली.

"चाललीस कुठं?" धोंडूबाईने विचारलं. "बसायचं व्हतं तं बसायचं ना तिथं."

सरू खाली बघत म्हणाली, "सासूचं दिस अजून न्हाय झालं. तवर ही जागा तिचीच हाय. मी कशी बसू?"

त्यांच्या पाड्यावर तशी रीत आहे. गेलेलं माणूस दिवसकार्य होईपर्यंत आपल्या जागेवर येऊन बसतं, म्हणून ती मोकळी ठेवायची. घरात ठीक आहे, पण ही रीत भिवंडीच्या फुटपाथवर पाळायची, म्हणजे कमालच.

 धोंडूबाईने पाटी उचलली, गोणपाट झटकून पुन्हा अंथरलं, वर वीट ठेवली. सरूला तिने नुसती हातानेच पुन्हा गटाराशी बसायची खूण केली.

संध्याकाळी शिफ्ट सुटली, गर्दी झाली. मोबाइल कानाला लावलेला एक शेठ मोटारसायकल फुटपाथवर चढवून नेमकी त्या गोणपाटावर लावायला आला. सरू धडपडत उठली, पण परक्या माणसाला काय सांगायचं ते तिला सुचेना. धोंडूबाई चाकाला आडवी गेली.

"दिखता नहीं क्या?" ती म्हणाली. "इधर जानकीबाई बैठेली है."

शेठने रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं, धोंडूबाईकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली. सरू तोंडात पदर कोंबून रडायला लागली. इथे आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.  लूमवरचे लोक त्या गोणपाटाला वळसा घालून गटाराच्या कडेला गेले आणि तिच्यापुढे उकिडवे बसले.