पाण्याच्या टाकीचा थांबा

“पा-पा-पा-पा!” मागच्या बाकावरून एकच गलका झाला आणि ड्रायव्हरकाकांनी शाळेची बस रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिनच बंद केलं.

दुपारची परतीची फेरी होती. मधल्या बाकावर दहावीतली एक किडकिडीत मुलगी दप्तर छातीशी धरून बसली होती. ती बोलताना अडखळायची. ती पाण्याच्या टाकीजवळ उतरे, आणि उतरण्याआधी मागचं टोळकं तिला रोज विचारी, “सांग ना, कुठे उतरतेस? एकदाच सांग!” ती ‘पा’वर अडकली की सगळे तिच्या सुरात सूर मिसळत. तिचं नावच त्यांनी ‘पापा’ पाडलं होतं. नाव पाडणारी, तिची हुबेहूब नक्कल करणारी, टोळक्याची म्होरकी होती काकांची स्वतःची लेक.

काका उठून मागे गेले. लेकीकडे त्यांनी पाहिलंच नाही. “बाळा, चल, पुढे बस माझ्याजवळ.”

मुलीने मान हलवली. “उ-उतरते मी.”

“अगं, टाकी लांब आहे अजून.”

पण ती उठलीच. मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या ताई मग तिच्याबरोबर उतरल्या आणि दोघी उन्हातून चालू लागल्या. उरलेली मुलं काकांनी एकट्याने घरी सोडली.

काका स्वभावाने शांत. कोणतं पोर कोणत्या वळणावर ओकणार, हे ते समोरच्या आरशात बघून सांगत. पण गाडी चालवताना माणसाला रस्ता ऐकू येतो, मुलं नाहीत. ‘पापा, पापा’ त्यांच्या कानावर बरेच दिवस पडत होतं. त्यांना वाटलं, असेल एखादं नवं गाणं. शिवाय आरशात लेक हसताना दिसायची. गेल्या वर्षी ती त्यांच्या मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून मुकाट बसत असे. यंदा ती मागच्या बाकावर गेली, मैत्रिणी मिळाल्या. काकांनी बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं, “रुळली गं पोरगी.”

घरी शिरताच लेकीने दप्तर भिरकावलं. “सगळ्यांसमोर नाक कापलंत माझं!”

“मी तर तुझं नावसुद्धा घेतलं नाही.”

“मग बस कशाला थांबवलीत? गंमत चालली होती नुसती.”

“ती हसत होती का?”

लेक दप्तर उचलायला वाकली. काकांना वाटलं, पटलं असावं. ते पाणी प्यायला वळले, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. हळू होता, पण धार होती त्याला.

“गेल्या वर्षी मला ‘स्टेपनी’ म्हणायचे. बसबरोबर फुकट येते म्हणून. तुमच्या पाठीमागेच बसलेली असायचे मी, बाबा. तेव्हा थांबवली होती का बस?”

काकांनी पेला खाली ठेवला. शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना बसभाडं नसे, ही सवलत मिळाली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता! स्टेपनी हा शब्दही त्यांनी ऐकलेला होता. पोरं गाडीबद्दल बोलताहेत, अशीच त्यांची समजूत झाली होती.

“मला कळलं नाही गं,” ते म्हणाले.

“माहितीये. म्हणून तर मागे जाऊन बसले.”

तिची आई दवाखान्यात आया होती. ती संध्याकाळी दमून आली आणि सगळं ऐकून खुर्चीतच बसून राहिली. “तिला चांगली शिक्षा करा काहीतरी,” ती म्हणाली.

“करायची तर आधी मला करावी लागेल,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या थांब्यावर कुणीच नव्हतं. त्यानंतरही नव्हतं. काका नेहमीप्रमाणे गाडी उभी करत, जरा वाट बघत आणि पुढे जात. अखेर ताईंनीच सांगितलं, “तिच्या आईने बस बंद केली, काका. पायी जाते ती आता. चांगलं लांब पडतं हो.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी काकांनी धुतलेला शर्ट घातला. “मी त्यांच्याकडे जाऊन येतो,” ते लेकीला म्हणाले. “तू यायलाच हवं असं काही नाही.” त्यांनी जिना उतरून स्कूटर चालू केली, तेव्हा ती येऊन मागे बसली.

दार मुलीच्या आईने उघडलं. आत या म्हणाली नाही. “तुमच्यावर राग नाही, काका. तुम्ही गाडी तरी थांबवलीत.” लेकीकडे मात्र तिने बघितलं नाही.

“सॉरी,” लेक म्हणाली. ते नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, “माझं चुकलं. मीच सुरू केलं होतं ते.”

आतल्या पडद्याआडून मुलगी बाहेर आली. “म-मी अजून मा-मा—” ती अडली. तिची आई वाक्य पुरं करायला पुढे झाली, तसं मुलीने हातानेच तिला थांबवलं. सगळे तिच्यासाठी थांबले. जिन्यात कुणाच्या तरी बादलीत नळ वाहत होता. काकांच्या लेकीने मान खाली घातली नाही. “मा-माफ केलं नाहीये.”

“बरं,” लेक म्हणाली.

परतताना स्कूटरवर तिने बाबांचा शर्ट मागून मुठीत धरला होता. ती रडतेय हे काकांना पाठीवर कळत होतं. त्यांनी गाडी हळू घेतली, लांबच्या रस्त्याने नेली.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी टाकी जवळ आल्यावर लेक मागच्या बाकावरून उठून पुढे आली. “बाबा, मला इथे उतरवा.”

“इथे?”

“चालत जाते.”

मागून कुणीतरी ओरडलं, “स्टेपनी निघाली रे!” या वेळी काकांना नीट ऐकू आलं. ते ताडकन वळले, पण लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. “राहू द्या, बाबा,” म्हणाली आणि उतरली.

ती मुलगी पुढे चालली होती. लेक बरंच अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागली. त्या मुलीने एकदा वळून पाहिलं आणि पावलं झपाझप टाकली. लेकीने आपली चाल वाढवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. मधल्या सुट्टीत लेक एकटीच डबा खाते, असं ताईंकडून काकांना कळलं. बसमध्ये मागचा बाक पुन्हा भरला. तिची जागा कुणीतरी घेतली होती. आईने न राहवून विचारलं, “किती दिवस चालणार हे असं?” लेक म्हणाली, “मला काय माहीत?”

वर्ष सरत आलं तेव्हाची गोष्ट. रस्त्याचं काम निघालं होतं म्हणून गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. काकांना त्या दोघी पदपथावर दिसल्या. शेजारी नव्हत्या, पण मधलं अंतर हाकेचं उरलं नव्हतं, बोलण्याचं झालं होतं. पुढची मुलगी थांबली आणि वळून काहीतरी सांगू लागली. एका शब्दाशी तिचं गाडं अडलं. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. लेक तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट करत, कसलीच घाई नसल्यासारखी.

पुढची वाट मोकळी झाली. काकांनी गिअर टाकला आणि बस वळणावरून पुढे गेली. तो शब्द कोणता होता, ते त्यांना कळलं नाही.