उजवीकडचा हळदीचा ठसा

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. मित्रांनो, गेल्या खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरात चटईवर एकोणीस वस्तू पुसण्यासाठी मांडल्या होत्या. आजीचा विळा एक, लॅपटॉप दोन, मोबाईल तीन, सोल्डरिंग गन एक, मल्टिमीटर एक, व्हर्नियर कॅलिपर एक, स्क्रूड्रायव्हर चार, सायंटिफिक कॅल्क्युलेटर एक, टीव्हीचा रिमोट एक, नवे बिनतारी गेमपॅड दोन आणि मी. मोठा कॉम्प्युटर पूजेच्या पाटावर मावत नाही, म्हणून त्याच्या वतीने त्याचा माऊस आला होता. बेरीज करून पाहा, बरोबर येईल.

या एकोणीस वस्तूंपैकी अठरांवर फक्त धूळ होती. माझ्या मुठीवर हळदीचा एक पिवळा ठसा होता. त्या ठशाने आमच्या घरात काय केले, ते मला सांगायचे आहे. पण आधी माझी ओळख करून देते.

माझ्या तळाशी छापलेल्या आकड्यांवरून माझा जन्म २००१ सालचा. एक चौकोनी बैठक, तिच्यावर उभा दांडा, दांड्याला बोटांसाठी खाचा, वर एक लाल बटण. माझ्या पोटात चार स्प्रिंगा आहेत आणि दांडा कोणत्या बाजूला किती कलला हे मोजणारे दोन छोटे भाग आहेत. कारखान्यात मला शंभर वेळा डावीकडे आणि शंभर वेळा उजवीकडे वाकवून पाहिले गेले. प्रत्येक वेळी मी सरळ उभी राहिले, म्हणून पास झाले.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका दुकानात मी काचेमागे चौदा महिने बसून होते. मग एके दिवशी अंबरनाथहून हितेश आला. तेव्हा तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने मला तीन वेळा हातात घेतले आणि तीन वेळा परत ठेवले. शेवटी दुकानदार वैतागला.

"अरे साईं, जहाज चलाने का डंडा है, शादी थोडी करनी है! ले जा."

हितेशने मला नेले. शिवमंदिराच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्याची आई जनीबाई शेतावरून नुकतीच आली होती. तिने कमरेचा विळा काढून भिंतीला अडकवला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "रुमना आनलास काय रं? मंग बैल कुठं हाय?"

रुमणे म्हणजे नांगराची मूठ. त्या दिवसापासून माझे घरातले नाव तेच पडले.

ती माझी उमेदीची वर्षे. हितेशने माझ्या जोरावर विमाने उडवली, तितकीच पाडली. शेजारची मुले रांग लावून उभी राहत. "याची मूठ काय पकड देते यार!" असे कोणी म्हटले की माझ्या स्प्रिंगा ताठ होत. खेळ संपला की हितेश मला कोरड्या फडक्याने पुसून, वायरची सैल गुंडाळी करून ठेवत असे. वायर आवळून गुंडाळली की आतली तार तुटते, हे त्याला कोणी न शिकवता माहीत होते.

पुढे हितेश आनंदनगरच्या एका कारखान्यात लागला. तिथे तो दाब आणि तापमान मोजणारी यंत्रे तपासतो. त्याचे नूतनशी लग्न झाले. नूतन घरी बसून सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. घर बदलापूरला खरवईत आले. नव्या कॉम्प्युटरला माझी पिन बसेल अशी जागाच नव्हती. मी माळ्यावरच्या खोक्यात गेले. सोबत तीन चार्जर आणि एक बंद पडलेला राउटर होता. अकरा वर्षे आम्ही पाच जणांनी उजेड पाहिला नाही. राउटर तरी कोणाशी काय बोलणार!

मला बाहेर काढायला कारण झाला आजीचा हात.

आषाढात जनीबाई, म्हणजे आता हितेशच्या मुलीची, यशोधराची, आजी, बाथरूममध्ये घसरली. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर राहिले आणि नारळी पौर्णिमेला निघाले. हाड जुळले होते, पण मनगट लाकडासारखे झाले होते. हाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, तीन महिने मनापासून व्यायाम करा. त्यात जेवढं वळेल तेवढं वळेल. नंतर फार अवघड जातं."

आजीला त्या हाताने एकच गोष्ट करायची होती. तांदळाची भाकरी थापायची होती. साठ वर्षे तिने रोज परातीत भाकरी थापली होती. आता नूतन थापत होती आणि ती भाकरी रोज वेगळ्या आकाराची होत होती.

"सूनबाय, आज कंचा देश?" आजी ताटात बघून विचारी.

"आई, खाताना देश कळत नाही," नूतन म्हणे, आणि दोघी हसत. पण हसून झाल्यावर आजी उजवा हात पदराखाली घेई, हे मी पुढे पुष्कळदा पाहिले.

डॉक्टरबाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिसऱ्या दिवशी सोफ्यामागे गेला. "मी काय बारकं पोर हाय चेंडू खेलाया?" तेव्हा तेरा वर्षांच्या यशोधराला कल्पना सुचली. तिने आजीसाठी एक खेळ लिहिला. खाडीत एक होडी. मूठ डावी-उजवीकडे वळवली की होडी वळते आणि कोळंबी पकडते. वेळ दोन मिनिटे. हितेशने मला माळ्यावरून उतरवले, जुनी पिन कापून यूएसबीची नवी पिन जोडली आणि माझी बैठक टेबलाला घट्ट बांधली.

आजीने मला ओळखले. "अगो, यो रुमना अजून जिता हाय?" मित्रांनो, अकरा वर्षांनंतर कोणी असे विचारले की कसे वाटते, ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी आजीने उजव्या हाताने तीन कोळंब्या पकडल्या. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी पुन्हा तीन. यशोधराने फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद लावला होता. रेघ जमिनीला टेकून चालली होती. पाचव्या दिवशी आजीने सांगितले, "कोन बगाय बसला की मना जमत नाय. मी दुपारची एकटी खेलन. आकडा त्यो मशीनच लिवतो नं?"

आकडा मशीनच लिहीत होते. पाचव्या दिवशी सतरा कोळंब्या आल्या. दहाव्या दिवशी सव्वीस. विसाव्या दिवशी एकतीस. रेघ सरसर वर गेली. हितेशने कारखान्यात पेढे वाटले. नूतनने आलेखाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. यशोधराने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात खेळ मांडायचे ठरवले. सगळे माझे कौतुक करत होते आणि मला ते पेलवत नव्हते.

कारण मूठ कोणत्या हातात आहे, हे मुठीला कळते. उजव्या हाताने धरले की अंगठा माझ्या डाव्या बाजूला येतो. पाचव्या दिवसापासून तो उजव्या बाजूला येत होता. मला बोलता येत नाही. मी फक्त कलते.

असे चौतीस दिवस गेले, आणि खंडेनवमी आली.

आमच्या घरात त्या दिवशी घरातली सगळी हत्यारे पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. विळा पहिला, हा आजीचा नियम. विळ्यामागून हितेशची हत्यारे, मग नूतनची, मग यशोधराची. एकेक वस्तू पुसून पाटावर जात होती. नूतनने मला उचलले, ओले फडके माझ्या मुठीजवळ आणले आणि थांबली.

"हितेश, ही मूठ धर बरं. उजव्या हाताने."

"आता? खेळायचं नाही आज."

"खेळू नको, नुसती धर. अंगठा कुठे आला?"

"डावीकडे."

"मग ही हळद उजवीकडे कशी?"

हितेशने मला डाव्या हातात धरले. त्याचा अंगठा हळदीच्या ठशावर बरोबर बसला. भाजीला फोडणी आजीच देत असे, त्यामुळे घरात हळदीचा डबा त्या दिवसांत फक्त तीच हाताळत होती, तोही डाव्या हाताने. तिघांनी आजीकडे पाहिले. आजी झेंडूच्या फुलांचे देठ खुडत होती. ती डाव्या हाताने खुडत होती.

"आये?" हितेश म्हणाला.

"तुमाला रेघ वर जायाला पायजे व्हती," आजी म्हणाली. "गेली नं वर?"

"पण आजी, हे फसवणं झालं!" यशोधराचा आवाज चिरकला. "मी प्रदर्शनात सांगणार होते सगळ्यांना!"

"पयल्या दिशी तीन कोलंब्या आल्या, तवा तुजा तोंड तू बगितला नाय, मी बगितला. चार दीस बगितला. हात दुखला तं मी सोसन. त्यो तोंड मना सोसवला नाय."

मग नूतन स्वतःशीच म्हणाली, "दिवसभर लोकांच्या चुका शोधते मी. आणि घरात कोणी साधं विचारलं नाही, की आई, दाखवा बरं हात."

हितेश फ्रिजजवळ गेला. त्याने आलेख काढला आणि चार घड्या घातल्या. "काटा हलला म्हणून दाब वाढला असं समजायचं नाही, हे मी नव्या पोरांना रोज सांगतो," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंच्या नव्वद दिवसांतले त्रेपन्न गेले. सदतीस उरले." आणि तो स्क्रूड्रायव्हर घ्यायला वाकला. मला लगेच उघडून काहीतरी सुधारावे, असे त्याच्या मनात आले असणार. त्याला तसेच सुचते.

"ठेव त्यो खाली," आजी म्हणाली. "पुजाया काढल्याली हत्यारा आज हालवायची नाय."

"आये, एक दिवस फुकट जाईल."

"जाव दे."

पूजा झाली. आम्ही एकोणीस जण हळदकुंकू लावून पाटावर बसलो. मोबाईल दोनदा वाजला, कोणी उचलला नाही. खेळ नाही, लॅपटॉप नाही, मोजायला काही नाही. चौघे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी नूतन उठली, तिने घमेल्यात गरम पाणी आणले आणि हितेशने आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्या पाण्यात धरला. प्लास्टर निघाल्यापासून त्या हाताला घरातल्या कोणी असे धरले नव्हते. मी समोरच होते, म्हणून खात्रीने सांगते.

"किती कडक झालंय गं हे," हितेश म्हणाला.

"बापाचा स्वभाव हाय तुज्या," आजी म्हणाली. यशोधरा रडता रडता हसली आणि तिनेही पाण्यात हात घातला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हितेशने मला उघडले. माझ्या चार स्प्रिंगा त्याने काढून डबीत ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार बॉलपेनांच्या स्प्रिंगा बसवल्या. जन्मभर ताठ उभी राहिलेली मी, आता फुंकरीनेही कलू लागले. सुरुवातीला मला लाज वाटली. यशोधराने खेळातून आकडा काढून टाकला. कोळंबी पकडली तरी होडी नुसती पुढे जात राही. शिवाय दर दुपारी नूतन शेजारी बसू लागली. आजीचा हात माझ्यावर आणि तिचा हात आजीच्या हातावर.

"अगो सूनबाय, तुजा काम?"

"चहाची सुट्टी आहे, आई. तुम्ही वळवा."

आजी कण्हायची, शिव्या द्यायची, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण अंगठा डावीकडे होता. नवव्या दिवशी हितेशने माझी एक जुनी स्प्रिंग परत बसवली, सोळाव्या दिवशी दुसरी. दिवाळीनंतर तिसरी. अठ्ठाविसाव्या दिवशी चौथी बसली आणि मी पुन्हा पहिल्यासारखी ताठ झाले. आजीने मला धरले आणि वळवले. मी वळले.

मित्रांनो, आज मी टीव्हीजवळच्या कप्प्यात असते. मला रोज कोणी हातात घेत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे की तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू खोक्यात टाकण्यापूर्वी त्यांच्या वायरी सैल गुंडाळा, आणि त्या पुसण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहा. डाग कुठे आहे आणि कोणाच्या हाताचा आहे, ते आधी बघा. मग खुशाल पुसा. आणि ज्याचा तो हात आहे, त्याला एकदा हातात घ्या. माझा हळदीचा ठसा नूतनने अजून पुसलेला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी आजीने परात मागितली. तिने उकड मळली, गोळा केला, पिठात बुडवला आणि थापायला सुरुवात केली. थापण्याचा आवाज ऐकून हितेश दाढी अर्धी टाकून आला. यशोधरा पट्टी घेऊन आली. हितेशच्या हातात व्हर्नियर कॅलिपर होते.

"भाकरी हाय का नटबोल्ट?" आजी म्हणाली. "मोजा, मोजा. पन आदी तव्यावर जाव दे."

भाकरी तव्यावरून उतरल्यावर यशोधराने मोजमाप वहीत लिहिले. व्यास अठरा सेंटिमीटर चार मिलिमीटर. जाडी मधोमध तीन मिलिमीटर, कडेला पाच. तडे दोन. वापरलेले हात दोन.